सहा चाळीस ते सात वीस

मंडळी, आधीच सांगून ठेवतो, कंपनी ओळखण्यात माझा हात धरणारा कुणी नाही! अठरा वर्षं मी एकच काम करतोय. लोकांनी कुठल्या कंपनीत पैसे घालावेत आणि कुठल्या कंपनीपासून चार हात लांब राहावं, याचे अहवाल लिहायचे. अहवालाच्या तळाशी एकच शब्द: 'घ्या', 'थांबा' किंवा 'विका'. अठरा वर्षांत माझा हा शेवटचा शब्द एकदाही चुकलेला नव्हता. बायको म्हणते, घरात तुमचा शेवटचा शब्द कधी चालत नाही, म्हणून सगळे शिल्लक शब्द ऑफिसात वापरायला मिळतात. असो!

आमच्या ऑफिसची एक रीत आहे, थोरल्या मालकांनी घालून दिलेली. अहवालात नफा, तोटा, बाजार, कायदा हे सगळं असतंच. पण शेवटून दुसरं पान असतं 'वापरून पाहिलं' या नावाचं. ज्या कंपनीबद्दल लिहायचं, तिचा माल लिहिणाऱ्याने सात दिवस स्वतः वापरायचा! कुकरची कंपनी आली तेव्हा मी सात दिवस बटाटे उकडले. गादीची कंपनी आली तेव्हा सात दिवस ऑफिसच्या खर्चाने झोपलो. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम अहवाल तो! केसांच्या कलपाची कंपनी आली तेव्हा मिशीला लावून पाहिला. मिशी जांभळी झाली. मी 'विका' लिहिलं आणि महिन्याभरात ती कंपनी आडवी झाली.

तर एका शुक्रवारी साहेबांनी मला बोलावलं आणि पुढ्यात फाइल टाकली.

"ऑनलाइन जुगाराची कंपनी. मोबाइलवर पत्ते. शेअर बाजारात येऊन वर्ष झालं, भाव नुसता उड्या मारतोय. आपल्या गिऱ्हाइकांना पैसे घालायचेत. पुढच्या सोमवारी अहवाल हवा."

"साहेब, म्हणजे 'वापरून पाहिलं'साठी..."

"खेळायचं! सात दिवस. ऑफिस देईल थोडे पैसे."

"पण साहेब, दुसरा नियम काय म्हणतो? तपासणीखालच्या कंपनीत लिहिणाऱ्याच्या नावाने खातं नको! कुकर विकत घेता येतो, इथे तर खातंच काढावं लागतं."

साहेबांनी छताकडे पाहिलं. दोन नियम एकमेकांना असे भिडलेले त्यांनीही कधी पाहिले नव्हते.

"घरातल्या कुणाच्या तरी नावाने काढा. आणि हे बघा, अहवाल निघेपर्यंत कुणाजवळ बोलायचं नाही. भिंतीजवळसुद्धा नाही!"

इथे मला माझ्या घराबद्दल सांगायला हवं.

घरात आम्ही तिघं. मी, बायको आणि आठ महिन्यांपासून सासरे. सासूबाई गेल्या आणि बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. सासरे म्हणजे लिफ्टचे मेकॅनिक. चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या. बोलतात कमी, आणि जे बोलतात ते लिफ्टबद्दल. मला हाक मारतात 'जावईबापू'. सुरुवातीला थट्टेने मारायचे, आता सवयीने मारतात.

बायको चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ती या धंद्यात का आली, ते लग्नानंतर पाच वर्षांनी कळलं मला. सासरे तेव्हा पत्ते खेळायचे. लिफ्टच्या वर मशीनची खोली असते ना, तिथे चार मेकॅनिक बसायचे आणि पगाराचं पाकीट घरी यायच्या आत हलकं व्हायचं. बायको नऊ वर्षांची होती. तिला फळा दिसेना. चष्म्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे सासरे एका दुपारी हरले. पोरीने वर्षभर डोळे बारीक करून शाळा काढली, आणि घरी एका शब्दाने बोलली नाही! एक दिवस सासऱ्यांनी तिला शेजारणीची वही उतरवून घेताना पाहिलं, नाक कागदाला टेकवून. त्या दिवसापासून पत्त्याला हात लावला नाही. या गोष्टीला आता एकतीस वर्षं झाली. त्यांना घरी आणताना बायकोने मला एकच गोष्ट बजावली होती: "या घरात पत्ते येता कामा नयेत. गंमत म्हणूनसुद्धा नाही."

आणि मी महाशहाण्याने काय करावं? बायकोच्या फोनला हात लावायची माझी छाती नव्हती. मुलंबाळं नाहीत. राहिले सासरे! ते रोज सकाळी साडेसहाला फिरायला जातात आणि साडेसातला येतात. फोन फळीवर ठेवून जातात. म्हणतात, "फिरायचंय मला, फोनला कशाला दमवू?" मी स्वतःला समजावलं, हे पत्ते कुठे आहेत? काचेवरची चित्रं आहेत! ऑफिसचं काम आहे!

रविवारी सकाळी सासऱ्यांच्या नावाने, सासऱ्यांच्या फोनवर, वय चौऱ्याहत्तर असं भरून मी खातं काढलं आणि बाथरूमची कडी लावली.

काय सांगू, मंडळी! त्या कंपनीसारखं आगतस्वागत माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं. "या काका! तुमचीच वाट पाहत होतो!" मी हरलो तर "काका, थोडक्यात हुकलं!" जिंकलो तर फोनमध्ये नुसती आतषबाजी. तिसऱ्या दिवशी एक मोठा डाव जिंकलो आणि आनंदाने उडालो, तो डोकं गीझरला आपटलं.

"अहो, काय पडलं?" बाहेरून बायको.

"साबण!"

"साबणाचा एवढा आवाज?"

"नवीन आहे!"

टॉवेलखाली टाचणवही होती. तिच्यात मी लिहीत होतो: 'ग्राहकाला आपलेपणा वाटतो. उद्या पुन्हा यावंसं वाटतं. खर्च कमी, नफा प्रचंड. धोका: कायदा बदलला तर.' आणि खाली, अगदी ठळक: 'घ्या'.

मंगळवारपासून सासऱ्यांचं वागणं बदललं. माझ्या ध्यानात आलं नाही, हे माझं दुर्दैव. झालं होतं असं, की दुपारी त्यांच्या फोनवर संदेश यायला लागले: 'काका, तुमचं टेबल तयार आहे.' सासऱ्यांनी एकच हिशेब केला. खातं आपल्या नावाचं, आपण तर खेळत नाही, मुलगी खेळणं शक्य नाही. उरलं कोण? बुधवारी ते मुद्दाम पंधरा मिनिटं लवकर परतले. फळीवर फोन नाही, बाथरूमची कडी लागलेली, आणि आतून बारीक आवाज, "थोडक्यात हुकलं!"

त्या संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले.

"जावईबापू, लिफ्ट अडकली की माणूस काय करतो?"

"घंटी वाजवतो."

"नाही. आधी स्वतःच दार उघडायला बघतो. तिथेच घात होतो. अडकलेल्याने मुकाट्याने आवाज द्यावा. बाहेर माणसं असतात. आपलीच असतात."

"बरोबर आहे बाबा," मी म्हणालो. मला वाटलं, त्यांना कामाचे दिवस आठवताहेत. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मला अगदी भरून आलं, म्हटलं सासरा असावा तर असा!

गुरुवारी माझं पाकीट गायब झालं आणि त्यांच्या उशीखाली सापडलं. "पडलं होतं," म्हणाले. शुक्रवारी फळीवर फोनच नाही!

"बाबा, तुमचा फोन कुठाय?"

"कशाला?"

"वेळ बघायला."

 ते माझ्या डोक्यावरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले. मी ऑफिसात जाऊन लिहिलं, 'सहाव्या दिवशी तांत्रिक अडचण.'

शनिवारी सकाळी तिघं टेबलाशी चहा घेत होतो आणि तांदूळ वाजायला लागले! म्हणजे तांदळाचा डबा. बायकोने झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि तांदळातून फोन बाहेर काढला. तोवर वाजायचा थांबला होता, पण काचेवर संदेश चमकत होता. तिने तो मोठ्याने वाचला.

"काका, काल आला नाहीत! तुमची खुर्ची रिकामी आहे. आजचा पहिला डाव आमच्याकडून."

मग तिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागली. काचा स्वच्छच होत्या.

"बाबा?"

मी तोंड उघडलं. टेबलाखाली माझ्या पायावर चौऱ्याहत्तर वर्षांचं वजन पडलं!

"हो," सासरे म्हणाले. "मीच."

"नाही! मी! मी खेळलो!" मी ओरडलो.

"त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. चांगला आहे, म्हणून बोलतोय."

"अगं, खरंच मी! बाथरूममध्ये!"

"पुरे!" बायको म्हणाली. "बाबांना पाठीशी घालू नका. बाथरूममध्ये पत्ते! सुचलं नाही दुसरं काही?"

दोन माणसं एका गुन्ह्यासाठी अशी भांडलेली तुम्ही पाहिली नसतील. दोघंही म्हणताहेत मी, मी! आणि तिचा विश्वास बसणार कुणावर? ज्याने आधी एकदा केलं होतं, त्याच्यावर. ती एक शब्द न बोलता दुकानात निघून गेली. चहा तसाच. नवव्या वर्षीसुद्धा ती अशीच गप्प राहिली असणार, हे माझ्या मनात आलं.

मी वळून पाहतो तो सासरे आपल्या खोलीत पिशवी भरताहेत. दोन शर्ट, पान्यांची गुंडाळी, सासूबाईंचा फोटो.

"बाबा, हे काय?"

"बहिणीकडे जातो थोडे दिवस. दुपारची बस आहे. तिने माझ्याकडे बघत राहावं आणि तिला तो चष्मा आठवावा, हे नको. पण जावईबापू, एक मागतो. तुम्ही हे सोडा. मला जमलं, तर तुम्हाला का नाही जमणार?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे आठवडाभर हा माणूस मला व्यसनी समजत होता!

"बाबा, ते ऑफिसचं काम होतं!"

त्यांनी अतिशय मायेने मान हलवली. "मीही हेच सांगायचो. म्हणायचो, युनियनची मीटिंग आहे."

"देवाशपथ! त्या कंपनीत पैसे घालावेत का, ते बघत होतो."

"तेसुद्धा म्हणून झालंय. घातलेले दुप्पट होतील म्हणायचो."

"थांबा, साहेबांनाच विचारा!" मी फोन लावला आणि आवाज मोठा केला. "साहेब, माझ्या सासऱ्यांना एवढंच सांगा, की मी पत्त्यांच्या कंपनीचा अहवाल लिहितोय."

 पलीकडून साहेबांचा खणखणीत आवाज: "असलं कुठलंही काम आमच्या ऑफिसात चालू नाही! आणि कधी चालू नव्हतं!" आणि फोन बंद. गुप्ततेचा नियम! भिंतीजवळसुद्धा बोलायचं नव्हतं ना!

सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "जावईबापू, बघा कुठवर गेलंय हे."

मी त्यांची पिशवी हिसकावली. "जायचं तर मुलीला सांगून जा!" असं म्हणून त्यांना दुकानात घेऊन गेलो, म्हणजे पिशवी पुढे आणि तिच्यामागे ते.

बायको आतल्या तपासायच्या खोलीत होती. गिऱ्हाईक नुकतंच बाहेर पडलं होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी, खाली बारीक. तिने पिशवीकडे पाहिलं आणि काय ते समजली. सासरे काही बोलणार, एवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. तांदळाचे दोन दाणे खाली पडले.

तिने फोन घेतला, आवाज मोठा केला आणि टेबलावर ठेवला.

"नमस्कार काका!" गोड आवाजाची एक मुलगी. "कंपनीतून बोलतेय. दोन दिवस दिसला नाहीत, रागावलात का आमच्यावर? तुम्ही आमचे खास पाहुणे. रोज न चुकता सकाळी सहा चाळीसला येता, सात वीसला जाता..."

"किती वाजता?" बायकोने विचारलं.

"अं... सहा चाळीस ते सात वीस. रविवार ते गुरुवार. आमच्याकडे सगळी नोंद असते."

बायको हळूच खुर्चीवर बसली. "सात वाजता," ती म्हणाली, "बाबा कोपऱ्यावर असतात. मी खिडकीत असते. ते मला हात करतात. रोज!"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आणि रोज सात वाजता बाथरूमची कडी लागलेली असते."

"मी सकाळपासून तेच सांगतोय!"

"बसा इथे."

तिने मला तपासायच्या खुर्चीत बसवलं, हनुवटी पट्टीवर टेकवली आणि डोळ्यांत झगझगीत दिवा सोडला. त्या दिव्यापुढे भलेभले कबूल होतील! दोन नियम, बाथरूम, टाचणवही, गीझर, सगळं मी एका दमात ओकून टाकलं. खिशातून टाचणवही काढून दाखवली. तिने ती पानन् पान वाचली.

"हे खरं बोलताहेत बाबा," ती म्हणाली. "एवढं कंटाळवाणं हे फक्त ऑफिसासाठीच लिहितात."

सासरे मटकन बाकावर बसले. "म्हणजे जावईबापूंना नाद नाही?"

"नाही! पण तुम्ही 'हो' का म्हणालात बाबा?"

"तुझं घर मोडू नये म्हणून." ते पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. "माझ्यावरचा तुझा विश्वास मी एकदा मोडलेला आहेच. त्याला आणखी एक चरा गेला तर काय फरक पडणार होता? जावईबापूंवरचा अजून कोरा होता."

बायको उठून त्यांच्याजवळ गेली. "मी खिडकीत का उभी राहते, माहितेय? पहिला महिना पाळत ठेवायला उभी राहत होते. तुम्ही कोपऱ्यावरून कुठे वळता ते बघायला. नंतरचे सात महिने नुसतं तुम्हाला बघायला. तुम्ही हात केला की दिवस बरा जातो माझा. आणि तरी सकाळी तुम्ही 'हो' म्हणालात, तर मी लगेच खरं धरलं. चुकलं माझं, बाबा."

त्यावर चाळीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केलेला तो माणूस लहान मुलासारखा रडला, आणि ती पण. मीही रडलो असतो, पण हनुवटी पट्टीवर होती.

"काका..." टेबलावरून बारीक आवाज आला. फोन चालूच होता! "मी ठेवू का?"

सासऱ्यांनी नाक पुसलं. "बाळ, जेवलीस का तू?"

पलीकडचा आवाज एकदम साधा झाला. मग म्हणाली, "काका, तुमचं नाव मी यादीतून काढते हं. आम्हाला शिकवलंय, घरातलं माणूस फोनजवळ असलं की वेळ घालवायचा नाही. ती गिऱ्हाइकं राहत नाहीत. ज्यांच्या घरी कुणी वाट बघत नाही, तीच राहतात." आणि तिने फोन ठेवला.

मी टाचणवही घेतली आणि 'घ्या' खोडून टाकलं.

सोमवारी अहवाल दिला. धोक्यांच्या पानावर कायद्याच्याही वर लिहिलं: 'कंपनीच्या नफ्याला सर्वांत मोठा धोका म्हणजे ग्राहकाच्या घरी कुणीतरी त्याची वाट पाहत असणं.' तळाशी: 'विका'. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "पण हा धोका हल्ली फार थोड्या घरांत उरलाय हो!"

साहेबांचंच खरं निघालं. दीड महिन्यात तो शेअर दीडपट झाला. अठरा वर्षांत पहिल्यांदा माझा शेवटचा शब्द चुकला! आमच्या गिऱ्हाइकांनी मला जे काही सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही. पण तो शब्द मी आजही बदलणार नाही.

घरी सगळं ठीक आहे. पिशवी माळ्यावर गेली. शिक्षा म्हणून मलाही आता रोज सकाळी सासऱ्यांबरोबर फिरायला जावं लागतं. सात वाजता कोपऱ्यावर आलो की खिडकीत बायको दिसते. परवा मी खुशीत म्हणालो, "बघा बाबा, अजून रोज उभी राहते तुमच्यासाठी!"

सासरे गालातल्या गालात हसले. "माझ्यासाठी नाही, जावईबापू. माझ्यावर तिचा पूर्ण विश्वास आहे. कालच म्हणाली तसं."

"मग कुणासाठी?"

"हात वर करा," ते म्हणाले. "दोन्ही. फोन नाही, हे दिसू द्या तिला."